शाळेचा एक कोपरा मातीचाच राहू द्या

वांग्याचे फूल आपले पराग सहजासहजी कुणाला देत नाही. इतर बहुतेक फुलांत परागकोश उकलतात आणि पिवळी भुकटी उघड्यावर येते. वांग्याच्या फुलात मधोमध उभ्या असलेल्या पिवळ्याधमक परागकोशांना फक्त टोकाशी बारीक छिद्र असते आणि पराग आतच अडकून राहतात. मोहोळातली मधमाशी आली तरी तिच्या हाती फारसे काही लागत नाही. मग एखादा काळा भुंगा येतो, किंवा पोटावर निळे पट्टे असलेली एक चपळ माशी येते. ती परागकोशांना घट्ट मिठी मारते, पंख न हलवता उडण्याचे स्नायू जोरात थरथरवते आणि त्या थरथरीने पराग छिद्रांतून उडून तिच्या अंगावर पडतात. जवळ उभे राहिले तर तो बारीक, तीव्र झंकार ऐकू येतो. टोमॅटोचेही असेच आहे. वाऱ्याने झाड हलते तेव्हा काही फळे धरतात, पण या माश्यांची फेरी झाली की फळे जास्त धरतात आणि चांगली पोसतात.

ही वांगी आणि हे टोमॅटो लातूर-नांदेडच्या अनेक जिल्हा परिषद शाळांच्या परसबागेत आहेत. शासनाच्या कागदावर योजनेचे नाव आता प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असले तरी गावाच्या तोंडी ती खिचडीच. त्या खिचडीत मुलांना ताजी भाजी मिळावी म्हणून परसबागा आल्या, त्यांच्या तालुकावार स्पर्धाही सुरू झाल्या. शिक्षक, पालक आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका मिळून वाफे करतात, पाणी देतात. पण त्या बागेत रोज सकाळी बिनपगारी राबायला येणाऱ्या माश्यांचा विचार क्वचितच होतो.

मधमाशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात, मध आणि डंख. प्रत्यक्षात जगात माश्यांच्या या कुळाच्या वीस हजारांहून अधिक जाती नोंदवल्या गेल्या आहेत आणि भारतात सातशेहून अधिक. मध साठवणाऱ्या त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. आग्या, सातेरी, फुलोरी या आपल्या तीन देशी मधमाश्या आणि झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या फटीत राहणारी, डंख न मारणारी पोयाची माशी. पेटीत पाळतात ती मेलिफेरा परदेशी. ती १९६०च्या दशकात उत्तर भारतात आणली गेली आणि मग सगळीकडे पसरली. बाकीच्या शेकडो जातींना राणी नाही, पोळे नाही, मधाचा साठा नाही. बहुतेकींची मादी एकटी घर बांधते, पराग आणि मकरंदाचा गोळा करून ठेवते, त्यावर अंडे घालते, तोंड बंद करते आणि पुढच्या खोलीच्या कामाला लागते. राखायला मधाचे भांडारच नसल्यामुळे ती अंगावर धावून येत नाही. हातात पकडून दाबली तर डसेल, एरवी नाही.

आणि यांतल्या निम्म्याहून कितीतरी अधिक जाती घर करतात ते जमिनीत. उघड्या, न खणलेल्या, ऊन लागणाऱ्या मातीत.

मला या विषयाने धरून ठेवले ते इथे. गेल्या काही वर्षांत आपल्या गावोगावच्या शाळा देखण्या झाल्या, याचा आनंदच आहे. भिंती रंगल्या, आवारभिंत आली, फाटक आले आणि अंगणात पेव्हर ब्लॉक आले. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तुडवत वर्गात जाणारी लेकरे ज्याने पाहिली आहेत, तो पेव्हर ब्लॉकला नावे ठेवणार नाही. पण भिंतीपासून भिंतीपर्यंत एक वीतही माती शिल्लक न ठेवता अंगण झाकले जाते, तेव्हा परसबागेतल्या वांग्याची सुईण आपण घराबाहेर काढलेली असते.

आपल्या भागात प्रश्न आणखी बिकट आहे, कारण काळी माती या माश्यांना तशीही सोयीची नाही. पावसाळ्यात ती पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. बोटभर खोल बांधलेली खोली त्यात टिकणे अवघड. निळ्या पट्ट्यांच्या माशीला हवी असते मऊ, कोरडी, उभी माती. ओढ्याची दरड, जुन्या गढीचा ढासळलेला बुरूज, पांढरीच्या मातीची भिंत. आणि भुंग्याला हवे असते वाळके लाकूड, म्हणजे जुन्या माळवदाच्या तुळया आणि सरे. आपली जुनी गावे नकळत या दोघांची वसतिस्थाने होती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची माळवदे कोसळून जवळपास आठ हजार माणसे गेली. त्या भिंती परत याव्यात असे कुणी म्हणणार नाही, म्हणूही नये. माणसांची घरे पक्की झाली हे योग्यच झाले. पण मातीचा गुडघाभर उंचीचा एक ओटा शाळेच्या कोपऱ्यात करून ठेवायला कसलाच धोका नाही, आणि माशीला तेवढा पुरतो.

आता शेताकडे येऊ, कारण शाळेतल्या मुलांचे आईबाप तिथेच असतात. अर्धापूरच्या केळीला माशी लागत नाही. तिची फळे बियांवाचूनच पोसतात. हळदीचे कंद, ज्वारी, गहू यांचेही माशीवाचून अडत नाही. सोयाबीन बहुतांशी आपले आपण फळते. पण सूर्यफुलाला विचारा. लातूर-उस्मानाबादच्या रानात सूर्यफुलाचे पट्टेच्या पट्टे होते, त्या काळातल्या शेतकऱ्यांना आठवत असेल, की माश्या कमी असल्या की फुलाच्या मधल्या भागातले दाणे पोचट निघायचे. त्यावर उपाय म्हणून कृषी खाते सांगायचे, सकाळी हाताला तलम कापड गुंडाळा आणि फुलांवरून हलकेच हात फिरवत जा. एकरभर रानात माणसाने हाताने करायचे ते काम माश्या फुकट करतात. बांधाच्या कडेला पेरले जाणारे कारळे तर स्वतःच्या परागांनी बी धरतच नाही. दुसऱ्या झाडाचे पराग माशीने आणून दिले तरच.

तुरीची गोष्ट मला सगळ्यांत सुंदर वाटते. लातूरची डाळ देशभर जाते, आणि तुरीच्या फुलावर सर्वांत लगबग असते ती पानकापी माशीची. ही माशी गुलाबाच्या, तुरीच्या, बोगनवेलीच्या पानांचे कंपासने कापावेत तसे गोल तुकडे कापून नेते आणि पळसाच्या पानांचे द्रोण लावतात तसे ते एकावर एक बसवून आपल्या पिल्लांसाठी खोल्या करते. पान कातरलेले दिसले की आपण कीड पडली म्हणून हळहळतो. त्या पानाचे फारसे काही बिघडत नाही, आणि त्या कातरणीमागे तुरीची एक फार कामाची पाहुणी असते. तुरीच्या फुलात पुंकेसर आणि कुक्षी दोन पाकळ्यांच्या मिटल्या होडीत लपलेले असतात. माशी त्या होडीवर बसून पायांनी दाबते, होडी खाली जाते, आणि आतला दांडा वर उसळून तिच्या पोटाला लागतो. पोटाखालच्या दाट केसांत पराग अडकतात. इतर माश्या पराग पायांवर वाहतात, ही पोटावर. म्हणून तुरीच्या रानात पोट पिवळे झालेली माशी दिसली की ती पानकापी, हे तिसरीतले पोरही ओळखू शकते.

तुरीत बरेचसे परागीभवन कळी उमलण्यापूर्वीच आतल्या आत होऊन जाते, त्यामुळे माशीवाचून तूर पिकणारच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेण्याचे काम माश्याच करतात. तुरीच्या बीजोत्पादनाचा प्लॉट दुसऱ्या वाणापासून लांब ठेवावा लागतो तो यांच्यामुळेच, आणि संकरित तुरीचे बी तयार होते तेही यांच्याच भरवशावर.

या सगळ्याचे शिक्षण शाळेत द्यायचे तर पुस्तकातल्या चित्राची गरज नाही. परिसर अभ्यास या विषयाचा परिसर तर दारातच आहे. तांबड्या भोपळ्याचा एक वेल पुरे. त्याला नर आणि मादी फुले वेगळी येतात. मादी फुलाच्या मागे चिमुकला भोपळा आधीच दिसत असतो. उद्या उमलणार अशा दोन-चार मादी कळ्यांवर संध्याकाळी तलम कापडाची पिशवी बांधायची, तेवढ्याच मोकळ्या सोडायच्या. हे फूल एका सकाळपुरते उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. आठवडाभरात मुलांना दिसते की पिशवीतले भोपळे पिवळे पडून गळाले आणि मोकळ्यांतले वाढीला लागले. परागीभवन हा शब्द त्यानंतर सांगावा. वांग्याच्या फुलासाठी प्रयोगशाळेतला नादकाटा आणावा, त्याला ठोका देऊन परागकोशांना टेकवावा आणि खाली काळा कागद धरावा. कागदावर पिवळी भुकटी पडते. भुंग्याचे काम मुलांनी स्वतः केलेले असते.

प्राथमिक शाळेतली लेकरे खरे विज्ञान करू शकतात का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी एक उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात ब्लॅकॉटन नावाचे खेडे आहे. तिथल्या प्राथमिक शाळेतल्या आठ ते दहा वर्षांच्या २५ मुलांनी बंबलबी या माश्यांवर प्रयोग केला. मदतीला होते मेंदूशास्त्रज्ञ ब्यू लोट्टो आणि शाळेचे मुख्याध्यापक. प्रश्न मुलांचा होता, प्रयोगाचे नियम मुलांनी ठरवले. रंगीत गोलांपैकी काहींत साखरपाणी, काहींत मिठाचे पाणी. माशी नुसता रंग लक्षात ठेवते, की कोणता रंग कोणत्या रंगाच्या मधोमध आहे ही मांडणीही? निष्कर्ष निघाला की माश्या रंग आणि मांडणी दोन्ही मिळून शिकू शकतात. मुलांच्या शब्दांत लिहिलेला आणि त्यांनी रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आकृत्यांसह हा शोधनिबंध डिसेंबर २०१०मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकाने छापला.

आपल्याकडे तर त्याहून जास्त विचारण्यासारखे आहे. त्यांच्याकडे फुलोरी नाही. बाभळीच्या किंवा बोरीच्या फांदीवर तळहाताएवढे एकच उघडे पोळे करणारी ही मधमाशी मराठवाड्याच्या उन्हात तग धरते. मुंग्या येऊ नयेत म्हणून ती फांदीला पोळ्याच्या दोन्ही बाजूंनी चिकट डिंकाचे कडे लावते. पोळ्याचा माथा फांदीभोवती सपाट असतो, आणि फुले सापडलेली माशी त्या माथ्यावर नाचते, तोंड थेट फुलांच्या दिशेला करून. मधमाशीच्या नाचाची भाषा उलगडल्याबद्दल कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३चे नोबेल मिळाले. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी १९५०च्या दशकात श्रीलंकेत येऊन फुलोरीचा हा आडवा नाच पाहिला. पोळ्याच्या अंधारात उभ्या भिंतीवर नाचणाऱ्या मधमाश्यांच्या भाषेचे ते जुने, सोपे रूप असावे असे त्यांना वाटले. तो नाच औसा किंवा कंधारच्या एखाद्या शाळेमागच्या बोरीवर चालू असू शकतो, आणि चार-पाच हात लांबून, गडबड न करता, कुणालाही पाहता येतो. भुंग्यांचेही तसेच. भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की भुंग्यांची एक जात चंद्र नसलेल्या रात्री, नुसत्या चांदण्यांच्या उजेडात रंग ओळखते. माणसाला त्या उजेडात रंग दिसतच नाहीत.

आग्या मोहोळाबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे, कारण पालकांची भीती खरी आहे. शाळेच्या इमारतीला, पाण्याच्या टाकीला, वडा-पिंपळाला आग्या मोहोळ लागते. एका मोहोळात हजारो माश्या असतात आणि त्या चिडल्या तर जीवावर बेतू शकते. म्हणून मुलांच्या वावराच्या जागी मोहोळ असेल तर जाणकाराकडून ते रात्रीच्या वेळी हलवून घ्यावे. टेंभा लावून जाळू नये. जाळल्याने माश्या मरतात आणि उरलेल्या दुसऱ्या दिवशी अधिक चिडलेल्या असतात. मोहोळ उंच आणि लांब असेल तर त्याखालचा भाग दोरीने बंद करावा, दगड मारू नये, धूर करू नये हे मुलांना सांगावे. फुलोरा संपला की हे मोहोळ आपणहून स्थलांतर करते. डंख झालाच तर काटा लगेच नखाने खरवडून काढावा, कारण तुटून राहिलेली विषाची पिशवी नंतरही विष ढकलत राहते. डंखाच्या जागेतून पिकल्या केळ्यासारखा वास येतो आणि त्या वासाने इतर माश्या धावून येतात, म्हणून तिथे थांबू नये, पळत घरात शिरावे. चेहरा सुजला, दम लागला, चक्कर आली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ला फोन करून दवाखाना गाठावा.

आणि याच कारणासाठी शाळेत मधपेट्या ठेवण्याचा उत्साह मला पसंत नाही. मधपेटी हा शेतकऱ्याचा धंदा आहे, त्याला शिक्षण लागते. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२मध्ये मधाचे गाव म्हणून पुढे आले, पण त्या डोंगराळ भागाला मधपाळांच्या कित्येक वर्षांच्या कामाचा आधार आहे. प्राथमिक शाळेला हवी आहे ती एकट्याने राहणाऱ्या, सहसा न डसणाऱ्या माशीची शेजारीण म्हणून ओळख.

त्यासाठी करायचे ते असे. आवाराच्या पूर्वेला किंवा दक्षिणेला, जिथे सकाळचे ऊन येते, तिथे दहा-बारा फूट जागा मोकळी सोडावी. मुरूम, वाळू आणि पांढरी माती कालवून दीड-दोन फूट उंचीचा उतरता ओटा करावा, म्हणजे पावसाचे पाणी थांबणार नाही. त्यावर सडा नको, झाडलोट नको, तणनाशक तर मुळीच नको. वर्गाच्या पागोळीखाली, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी वाळक्या बांबूच्या वीतभर नळ्यांची मोळी टांगावी; एका बाजूला पेर असलेल्या, पेन्सिल जेमतेम जाईल एवढ्या पोकळीच्या. दर एक-दोन वर्षांनी ती बदलावी, नाहीतर परजीवी कीटक आणि बुरशी घर करते. वाळक्या लाकडाचा एखादा ओंडका भुंग्यासाठी राहू द्यावा. संध्याकाळी मुलांना वाळक्या काडीला जबड्याने लटकून झोपलेले निळ्या पट्ट्यांचे नर एका ओळीत दिसले तर समजावे की पाहुणे मुक्कामाला आले.

झाडे निवडताना गुलमोहराऐवजी शेवगा, कडुनिंब, करंज, बोर, बाभूळ, जांभूळ लावावे. शेवग्यावर भुंगे तुटून पडतात आणि शेंगा खिचडीच्या आमटीत येतात. कडुनिंब आणि करंज फुलतात ते मार्च ते मे, जेव्हा शेतात काहीच नसते. पावसाळ्याच्या अखेरीला बोर आणि बाभूळ. पाणी हा आपल्याकडचा कायमचा प्रश्न. २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला तो कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. माशीला फार नको असते. हात धुण्याच्या जागेचे सांडपाणी परसबागेला वळवले आणि एका पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवले की झाले. खडे नसतील तर माश्या बुडतात.

फवारणीचा निरोप मुलांनीच घरी न्यावा. तूर फुलात असताना शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारावे लागते हे खरे, पण भर दुपारी फवारले तर अळीबरोबर माशीही मरते. दिवस मावळताना, माश्या परतल्यावर फवारा. शिफारशीपेक्षा जास्त मात्रा नको, दोन-तीन औषधांचे मिश्रण नको. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम या गटातल्या तीन कीटकनाशकांवर युरोपीय संघाने २०१८मध्ये उघड्या शेतात वापरायला बंदी घातली ती माश्यांच्या नुकसानीमुळेच. फुलांवर आलेल्या पिकात ती टाळलेली बरी.

या कामाचा मुहूर्त आपल्याकडे आयताच आहे. वेळ अमावास्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते, गावेच्या गावे ओस पडतात आणि रानात कडब्याच्या कोपीपाशी भज्जी, आंबील, उंड्यांच्या पंगती बसतात. भज्जीत पडणारे तुरीचे कोवळे दाणे, वाल, बोरे, यांच्या फुलांवर कधी ना कधी कुठली तरी माशी बसून गेलेली असते. त्या दिवशी प्रत्येक मुलाने आपल्या रानात फुलात असलेल्या एका पिकापाशी दहा मिनिटे बसावे आणि किती माश्या आल्या ते लिहावे. मोहोळाची, भुंगा, निळ्या पट्ट्यांची, पोट पिवळी, इतर, एवढे पाच रकाने पुरेत. आजोबांना विचारून पूर्वी कुठे मोहोळ लागायचे तेही लिहावे. दुसऱ्या दिवशी सगळ्या वह्या एकत्र केल्या की गावाचा नकाशा तयार होतो. दरवर्षी तोच दिवस, तीच रीत, म्हणजे पाच वर्षांनी त्या नोंदींना वजन येईल. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनाही त्या उपयोगी पडतील. नांदेड जिल्ह्यात सगरोळी आणि पोखर्णीची, लातुरात लातूरची कृषी विज्ञान केंद्रे आहेत. माश्यांची ओळख पटवायला तिथला तज्ज्ञ शाळेत बोलवावा.

हे सगळे एकट्या शिक्षकाच्या खांद्यावर टाकणे अन्यायाचे होईल. बदली झाली की बाग वाळते, हा अनुभव गावोगावचा आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. म्हणजे अंगणात काय व्हावे हे सुचवण्याचा अधिकार आईबापांचा आहे.

तुम्ही त्या समितीवर असाल तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या. मे महिन्याच्या सुट्टीत बागेला पाणी घालण्याची जबाबदारी गावातल्या दोघा-तिघांच्या नावावर ठरावात लिहा, बांबूची मोळी जूनमध्ये शाळा उघडण्याआधी टांगा, आणि पेव्हर ब्लॉकचे अंदाजपत्रक ग्रामपंचायतीकडे जाण्यापूर्वी त्यातून ती दहा-बारा फूट माती वगळून घ्या.